कार्यक्रमासाठी सोडलेलं प्लास्टर

ऑडिटोरियमच्या पहिल्या रांगेत तीन आया मांडीवर बाळं घेऊन बसल्या होत्या आणि तिन्ही बाळांचे पाय उघडे होते. मी दारातच थांबले. मागच्याच शनिवारी त्या पायांना मी स्वतः प्लास्टर घातलं होतं, मांडीपासून बोटांपर्यंत. ते आज प्लास्टर रूममध्ये, माझ्यासमोर निघायचं होतं आणि त्याच टेबलावर पुढचं चढायचं होतं.

मी मंदाजवळ गेले. मंदा पाथर्डी तालुक्यातली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. तिचा रुद्र तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता.

"मंदा, प्लास्टर कुणी काढलं?"

"मीच काढलं मॅडम," ती खुशीत म्हणाली. "काल सांच्याला कोमट पान्यात पाय धरला, भिजलं तसं सुटलं मस्त. मंग तेल लावून चोळला, आंगुळ घातली. मोठे साहेब पाय बघनार हायेत म्हनले ना."

रुद्रला नवं झबलं होतं. गालाला तीट होती, तशीच उजव्या तळपायालाही. दृष्ट पायालाच लागणार, कारण आज सगळे पायच बघणार. पाय तेलानं चमकत होता. आणि आठवड्यापूर्वी मी जिथं आणून ठेवला होता तिथून तो पुन्हा आत वळलेला मला उभ्या उभ्या दिसत होता.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सांगते. काही बाळं जन्मताच एक किंवा दोन्ही पावलं आत आणि खाली वळलेली घेऊन येतात. याला क्लबफूट म्हणतात. ग्रहणाशी, आईनं काय चिरलं याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पूर्वी याची मोठी ऑपरेशनं व्हायची. आता बहुतेक काम हातानंच होतं. पाऊल हळूहळू बाहेर वळवायचं, ते जितकं येईल तितकं धरून ठेवायचं आणि त्याच स्थितीत प्लास्टर घालायचं. पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. अशी पाच-सहा प्लास्टरं झाली की पाऊल सरळ येतं. मग टाचेमागची ताठ शीर एका बारीक छेदानं सोडवायची. ती पुन्हा भरून येते, पण लांब होऊन. त्यावर शेवटचं प्लास्टर आणि मग झोपताना घालायचे, मधल्या पट्टीनं जोडलेले बूट. एवढं नीट झालं तर पोरगं पळतं.

यात एक नियम आहे आणि तो मोडायचा नसतो. जुनं प्लास्टर निघालं की नवं लगेच चढलं पाहिजे. लहान बाळाच्या पायातले सांधे ओल्या मातीसारखे असतात. आठवडाभर कमावलेलं वळण एका रात्रीत परत जायला लागतं. त्यात तेल लावलेल्या पायावर प्लास्टर टिकत नाही, ते घसरतं. घसरलेल्या प्लास्टरमध्ये पाय वाकडा अडकतो, ते तर न घातलेल्यापेक्षा वाईट.

"घरी सोडून या असं कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"ओंकारदादांचा फोन आल्ता," मंदा म्हणाली. दुसऱ्या दोघींनीही माना हलवल्या. एक नेवाशाची, एक राहुरीची. तिघींनाही फोन आला होता.

ओंकार म्हणजे आमच्या ऑर्थो इंटरेस्ट ग्रुपचा सेक्रेटरी. हा ग्रुप एमबीबीएसच्या मुलांचा. ज्यांना हाडांच्या शाखेची आवड आहे अशी मुलं कॉलेज सुटल्यावर जमतात. एकमेकांच्या हातापायांना प्लास्टर घालून शिकतात, पीव्हीसी पाइपात स्क्रू बसवून ड्रिल धरायला शिकतात, कुणी एखादी केस मांडतो आणि बाकीचे त्याची पिसं काढतात. मी त्यांची फॅकल्टी इन्चार्ज. ग्रुप सुरू झाला तेव्हा मी एकच अट घातली होती. दर शनिवारी क्लबफूटच्या ओपीडीला यायचं आणि प्रत्येकानं काही घरं वाटून घ्यायची. शुक्रवारी त्या घरी फोन करायचा. उद्या येताय ना, एसटी मिळाली का, बोटं निळी तर पडली नाहीत ना. या फोनमुळे आमची बाळं मधेच गळायची थांबली. आया मला फोन करायला बिचकायच्या, पण ओंकारला, ऋतुजाला बिनदिक्कत करायच्या. सासू प्लास्टर सोडा म्हणते, तिला समजावून सांगा दादा. असे फोन.

म्हणून ओंकारनं प्लास्टर सोडा म्हटल्यावर कुणी का म्हणून विचारलं नाही. हे मला त्या सकाळी कळलं आणि डोक्यात जाळ झाला.

ओंकार स्टेजवर बॅनर ओढून धरत होता. बॅनरवर 'क्लबफूट जनजागृती' असं होतं आणि खाली कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या साहेबांचा फोटो होता. बाळाच्या पायाचा फोटो तळाशी, साहेबांच्या जाकिटाच्या बटणाएवढा.

"खाली ये," मी म्हटलं. तो आला. "घरी फोन तू केलास?"

"हो मॅडम. एचओडी सरांनी सांगितलं. म्हणाले, मॅडमशी मी बोलतो, तू फोन लावून टाक."

एचओडी सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, माझ्याशी बोलले नव्हते. ते समोरच होते, हार नीट लावून घेत होते.

"सर, प्लास्टर घरी सोडायला तुम्ही सांगितलंत?"

"हो. का?"

"का म्हणजे? पाय रात्रभर मोकळे आहेत, सर."

"अहो, मग स्टेजवर साहेबांसमोर प्लास्टर भिजवत बसणार का? पोरं रडणार, सगळीकडे चिखल. स्वच्छ पाय, पांढरं प्लास्टर, शेवटचा रोल साहेब गुंडाळतील. फोटो झाला की विषय संपला."

"साहेब कधी येणार आहेत?"

"निघालेत."

आपल्या जिल्ह्यात निघालेत याचा अर्थ अंघोळीला गेलेत असाही होतो.

"सर, मी तिघांनाही आत्ता प्लास्टर रूममध्ये नेते. कार्यक्रम नंतर करा."

"मग स्टेजवर काय दाखवायचं? एका दिवसानं काय होतंय हो? तुम्ही फार पुस्तकी वागता."

"पुस्तकात बघायची गरज नाही सर. मांडीवर दिसतंय. चला, दाखवते."

सर आले नाहीत. त्याऐवजी ते जे बोलले ते माझ्या कानात अजून आहे. "तुम्ही तर गावाकडच्या. तुम्हाला कळायला पाहिजे. या लोकांना अशा कार्यक्रमाचं कौतुक असतं. बघा, पोरांना कसं नटवून आणलंय."

मी गावाकडची आहे. मिरजगावजवळ हायवेला माझ्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी कुणापासून लपवलं नाही आणि त्याचं भांडवलही केलं नाही. मुलगी ऑर्थो घेते म्हटल्यावर ताकद लागते त्याला असं सांगणारे खूप भेटले. ट्रकचं टायर रिममधून सोडवायला जेवढी लागते तेवढी लागत नाही, एवढंच मी त्यांना सांगायची. पण गावाकडच्या माणसाला काय कळतं हे गावाकडच्याच माणसाकडून वदवून घ्यायची सरांची ती रीत मला सहन झाली नाही. त्या आयांना कार्यक्रमाचं कौतुक नव्हतं. डॉक्टर लोक आपल्या लेकराचा पाय बघणार, तर तो स्वच्छ असावा एवढी त्यांची लाज होती. त्या लाजेचा आम्ही वापर केला होता.

मी वळले आणि पहिल्या रांगेसमोर उभी राहिले.

"चला गं, उठा तिघी. प्लास्टर रूममध्ये."

"पन मॅडम, कार्यक्रम?" राहुरीची बाई म्हणाली.

"कार्यक्रम इथंच आहे. पाय घेऊन तुम्ही चला."

मागे एमबीबीएसची मुलं बसली होती. त्यांची हजेरी लागणार होती, सरांनी तसं बजावलंच होतं. सगळ्यांत आधी ऋतुजा उठली. ती ग्रुपची प्रेसिडेंट, नेवाशाकडची, बोलायला फटकळ. "मॅडम, कापूस भिजवायला माणसं लागतील ना?" असं मोठ्यानं म्हणत ती जिन्याकडे निघाली. तिच्यामागे आणखी चार-पाच जण. बॅनर खाली ठेवून ओंकारही आला. सर माईक हातात घेऊन बघत राहिले. माईक चालू होता, म्हणून ते काही बोलू शकले नाहीत.

प्लास्टर रूममध्ये आधी तेल काढायचं काम. साबण, कोमट पाणी, मग कोरडं पुसणं. रुद्र किंचाळत होता. मी त्याचं पाऊल हातात घेतलं. या पद्धतीत दर आठवड्याला धरून धरून बोटांना त्या पायाची ओळख झालेली असते. मागच्या शनिवारी सहज जिथवर येत होतं तिथवर ते येईना. जोर लावून उपयोग नसतो, बाळाचं हाड कच्चं असतं. जितकं आलं तितक्यावर मी धरलं आणि ऋतुजानं कापूस, मग प्लास्टर गुंडाळलं. एकानं धरायचं, दुसऱ्यानं गुंडाळायचं. एकट्याला हे जमत नाही.

मंदा माझ्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघत होती.

"मॅडम, मागं गेला का वो पाय?"

"थोडा गेलाय."

"मंजी माझ्यामुळं?"

"तुझ्यामुळं नाही. तू सांगितलं ते केलंस."

"मग कुनामुळं?"

मग ओंकार म्हणाला, "वहिनी, फोन मी केला होता. मी विचारायला हवं होतं."

मंदानं त्याच्याकडे बघितलं. "दादा, तुमी म्हनलात म्हनून सोडलं. सासू तर रोज सोड म्हनती. तिचं कुटं ऐकलं मी?"

त्या पोराचं तोंड बघवेना. पण मी त्याला सोडलं नाही. आया गेल्यावर म्हटलं, "वरून ऑर्डर आली तरी घर तुझ्या वाट्याचं आहे. मला एक फोन करायला काय झालं होतं?"

"सरांचं नाव होतं मॅडम. मला वाटलं, त्यांना माहीत असेल."

सरांना माहीत होतं. प्रश्न तो नव्हता. सरांनी आयुष्यात कितीतरी क्लबफूट सरळ केलेत. त्या दिवशी त्यांना पायापेक्षा फोटो मोठा वाटला, एवढंच.

साहेब आले, जेवायची वेळ टळून गेल्यावर. स्टेजवर बाळ नव्हतं. पण रोल भिजवलेले होते, फोटोग्राफर आलेला होता. मग सरांनी काय करावं? माईक लावायला आलेल्या माणसाला खुर्चीत बसवलं आणि साहेबांनी त्याच्या धडधाकट मनगटाला प्लास्टर घातलं. टाळ्या झाल्या. संध्याकाळी तो बिचारा हात पुढं करून माझ्या ओपीडीत आला. "मॅडम, येवढं सोडवा. वायरी गुंडाळायच्यात, टेम्पो उभा हाय." ते प्लास्टर चांगलंच कडक झालं होतं. साहेबांनी मन लावून घातलेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता आणि त्याखाली 'रुग्णावर उपचार करताना' असं छापलेलं.

आता रुद्रचं गणित. त्याची प्लास्टरं निम्मी झाली होती. दिवाळी होऊन गेली होती आणि मंदाची टोळी सांगलीकडच्या कारखान्याला निघायची होती. निघायच्या आत शीर सोडवून शेवटचं प्लास्टर चढवायचं असा माझा बेत होता. ते एकदा चढलं की बाळ कुठंही गेलं तरी चालतं. वेळ जेमतेम होता, पण होता. कार्यक्रमानं तोच खाल्ला. पाऊल मधेच सोडलं असतं तर सगळं केलेलं वाया. उसाच्या फडात, पालात, दर आठवड्याला प्लास्टर बदलायला कोण येणार?

एक रस्ता होता. प्लास्टर आठवड्यानं बदलायच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा बदलता येतं. ही रीत मान्य आहे, फक्त बाळ जवळ असावं लागतं. मी मंदाला आणि रुद्रला माझ्या युनिटमध्ये ॲडमिट केलं.

सोमवारी नोटीस लागली. शिस्तभंगामुळे ऑर्थो इंटरेस्ट ग्रुपचे सर्व उपक्रम पुढील आदेशापर्यंत बंद. ग्रुपच्या विद्यार्थ्यांना प्लास्टर रूममध्ये मज्जाव. मला वेगळं पत्र, खुलासा मागणारं. मी डीनकडे गेले. डीन म्हणाले, "बरोबर तुमचं आहे. पण वाद वाढवू नका." बरोबर आहे हे कबूल करून गप्प बसायला सांगणारी माणसं मला उघड भांडणाऱ्यांपेक्षा जास्त त्रासदायक वाटतात. सरांनी निदान तोंडावर मला पुस्तकी म्हटलं होतं.

खुलासा मी लिहिला. चार ओळींत. बाळांची प्लास्टरं माझ्या परवानगीशिवाय सोडली गेली, ती घालणं तातडीचं होतं, मी ती घातली, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घालीन.

पण गुंडाळायला दुसरे हात कुठून आणायचे? माझा रेसिडेंट गुणी होता, पण त्याची थीसिस सरांच्या सहीवर अडकलेली. "मॅडम, मला यात नका ओढू," तो म्हणाला. मला राग आला नाही. सरांच्या सहीवर पुढची वर्षं अवलंबून असली की माणूस तसंच बोलतो.

ऋतुजा वॉर्डात राउंडला होती. "मॅडम, बंदी प्लास्टर रूममध्ये आहे," ती म्हणाली. "वॉर्डात आमची पोस्टिंग आहे. इथं येऊ नका असं कुणी म्हटलेलं नाही."

"बरं मग?"

"बादली इकडं आणू."

तशी आम्ही बादली वॉर्डात आणली. खाटेवर मेणकापड, शेजारी मंदा बाळाला पाजत बसलेली. पीत असलेलं बाळ पाय सैल सोडतं, हे आम्हाला प्लास्टर रूमच्या गार टेबलावर कधी इतकं नीट जमलं नव्हतं. मी धरायची, मुलं गुंडाळायची. ओंकार सगळ्यात आधी हजर असायचा. मंदा पहिल्यांदा त्याच्याशी बोलेना. दुसऱ्या वेळी म्हणाली, "दादा, हळू गुंडाळा. वायर न्हाई ती." वॉर्डातल्या बाया हसल्या. माइकवाल्याची गोष्ट तोवर सगळ्या मजल्यावर पोचली होती.

मग मुकादम आला. आजिनाथ मुकादम, टोळी नेणारा. बरोबर मंदाचा नवरा गणेश.

"मॅडम, ट्रक उद्या सुटनार. ह्यांना सोडा."

"अजून शीर सोडवायचीय. पाय तयार नाही."

"मंग करा की आजच. तुमी डॉक्टर हाव."

"आज केली तर पाय वाकडा राहील. पुन्हा मोठं ऑपरेशन. ते करून द्याल का तुम्ही?"

"असं कसं, मॅडम. मी अर्धा कोयता घिऊन काय करू? जोडीचं काम हाय हे. एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या."

कोयता म्हणजे त्यांच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी. आमच्या प्लास्टरसारखंच, एकट्याला न जमणारं काम. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो समोर येऊन, नाव घेऊन, कारण सांगून बोलत होता. आमच्याकडे प्लास्टर सोडायला लावताना तेवढंही कुणी केलं नव्हतं.

"दुसरा ट्रक आहे का मागून?" मी विचारलं.

"हाय एक. आयतवारी. पन त्याच्यापुढं मी थांबनार न्हाई."

शनिवारी मी पाऊल मोजलं. शीर सोडवायच्या आधी पाऊल बाहेर किती वळतं त्याचा एक अंदाज असतो, तो भरला नाही तर हात लावायचा नाही. रुद्रचं पाऊल जवळ आलं होतं. भरलं नव्हतं. आणखी एक प्लास्टर, फार तर दोन. कार्यक्रम झाला नसता तर ते त्याच दिवशी भरलं असतं, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

मंदाला आणि गणेशला मी खाटेजवळ बसवून सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. आत्ता शीर सोडवली तर काय, सोडवली नाही आणि उद्या गेलात तर काय, थांबलात तर काय.

गणेश खाली बघत होता. "मॅडम, आता न्हाई जमनार थांबायला. पुढच्या वर्षी करू."

"पुढच्या वर्षी हा चालायला लागलेला असेल. मग प्लास्टरनं होणं अवघड."

"मंग माझं मी बगते," मंदा म्हणाली. "तुमी जावा."

"आन् तिथं माझ्याबरूबर कोन? मोळ्या कोन बांधनार?"

"धाकल्या भावाला न्या."

"तो आयटीआयला हाय."

"ह्यो पायानं अधू ऱ्हायला तर आयटीआय करून तुमचा भाऊ त्याला काय घोडं घिऊन देनार हाय का?" मंदाचा आवाज चढला. "दोन म्हैने शाळा बुडली तर बुडू द्या. मी म्हागून येते. न्हाई तर मुकादमाला म्हनावं, मला आन् ह्याला इथनं उचलून नेऊन दाखव."

मुकादम दारात उभा होता. त्यानं ऐकलं. "लई तिखट हाय वो तुमची पेशंट," तो मला म्हणाला. मग गणेशला, "घे भावाला. चल." एवढंच.

गणेशचा धाकटा भाऊ गेला, आणि मंदा पोचल्यावरही सीझन संपेपर्यंत फडातच राहिला. त्याचं वर्ष बुडालं. हे मला नंतर कळलं. तो इलेक्ट्रिशियनचा कोर्स करत होता, त्या घरातला पहिलाच दहावीच्या पुढं गेलेला. पहिला असणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. एकदा वर्ष गेलं की पुन्हा नाव घालायला घरातून कुणी उठत नाही.

एकाच प्लास्टरनं काम झालं. पाऊल पुरेसं वळलं, शीर मी सोडवली. भूल फक्त त्या जागेपुरती. चिमूटभर छेद, टाका नाही. टाचेमागून तोवर जे ओढ धरून होतं ते सुटतं आणि टाच खाली येते, ते बोटाला कळतं. ओंकार पाय धरून होता. त्यालाही कळलं.

शेवटचं प्लास्टर चढवून मंदा एसटीनं सांगलीकडे गेली. तिकडे माझा एक बॅचमेट आहे, त्यानं ते वेळेवर काढलं आणि मुलांनी माप घेऊन पाठवलेले बूट घालून दिले. सीझन संपल्यावर मंदा ओपीडीत आली तेव्हा रुद्र तिच्या कडेवरून खाली उतरायला बघत होता. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली. त्याला बूट आवडत नाहीत, रात्री काढून फेकतो असं ती म्हणाली. मी म्हटलं, फेकू दे, तू परत घाल. चार वर्षं घालावेच लागतील. दीर परत आयटीआयला गेला का म्हणून मी विचारलं. "न्हाई," ती म्हणाली, "तो आता मुकादमाच्या ट्रकवर क्लीनर हाय."

ग्रुपचं काय झालं तेही सांगते. कॉलेजचं इन्स्पेक्शन आलं. विद्यार्थ्यांचे उपक्रम काय काय, अशी विचारणा होती. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तो तुमचा ग्रुप सुरू करा. झालं गेलं सोडून द्या."

"नोटीस तुमची आहे सर. लेखी रद्द करा."

"अहो, तोंडी सांगतोय ना."

"तोंडी सांगण्यानंच तर सगळं झालं."

त्यांनी लेखी दिलं. चिडून दिलं, पण दिलं. मुलं पुन्हा प्लास्टर रूममध्ये यायला लागली.

या सगळ्यात कुणाचं काय गेलं त्याचा हिशेब मी कधीतरी मनात मांडते. सरांचं काही गेलं नाही. साहेबांचं तर नाहीच. माझं एक खुलाशाचं पत्र फाइलला लागलं. वर्ष गेलं ते पाथर्डीकडच्या एका पोराचं, ज्याला क्लबफूट नव्हता, ज्यानं आमचं ऑडिटोरियम पाहिलेलंही नाही.

आता दर वर्षी ग्रुपमध्ये नवी मुलं येतात. पहिल्या दिवशी त्यांना ड्रिल हवं असतं, स्क्रू हवे असतात. मी आधी त्यांना एक गोष्ट पाठ करायला लावते. रुग्णाच्या घरी फोन करून प्लास्टरबद्दल एक शब्दही सांगायचा असेल, तर आधी ज्यानं ते घातलंय त्याला विचारायचं. सांगायला लावणारा माणूस कितीही मोठा असला तरी. ऑर्थोत शिकायला अवघड एवढंच आहे. हाडं बहुतेक वेळा आपली आपण जुळतात.